ट्रंकेतली गोधडी आणि पन्नास ब्लाउजपीस

वाचकाचं पत्र

प्रिय ताईंना सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीची. वय ६१. शाळेतून निवृत्त झाले आणि ठरवलं होतं की आता पोटभर शिवायचं. प्रत्यक्षात दिवाणाशेजारी एक पत्र्याची ट्रंक आणि कपाटाचे दोन कप्पे कापडाने गच्च भरलेत. आईची तीन नऊवारी लुगडी (दोन सुती इरकली, एक रेशमी, ते घडीवर विरलंय), हळदीकुंकवात आणि ओटीत आलेले पन्नासेक ब्लाउजपीस, पाच-सहा ड्रेस मटेरियल, सेलमधलं सोफ्याच्या कव्हरचं कापड. शिवाय अर्धवट कामं. नातीच्या बारशासाठी गोधडी धरली होती, तीन बाय तीन फुटांची. वरचे तुकडे जोडून झाले, तीन फेरे घातले, मध्ये झोळ आला म्हणून ठेवली ती ठेवलीच. नात आता पहिलीत आहे. तिच्यासाठी तिसऱ्या वर्षी बेतलेला फ्रॉक तसाच आहे. आणि लग्नाआधी भरायला घेतलेला टेबलक्लॉथ.

एवढं असून गेल्या महिन्यात हिंदमाताला, दादरच्या कापडबाजारात, गेले आणि चार मीटर कॉटन घेऊन आले. परवा सून म्हणाली, "आई, ही ट्रंक हलली तर पिल्लूच्या अभ्यासाचं टेबल इथे बसेल." गोड बोलली, म्हणून जास्त लागलं. टाकवत नाही, शिववत नाही, आईचं लुगडं कापायला हात धजत नाही. मी आळशी झालेय का? आणि माझी जुनी पायमशीन आहे. नवी मोटारची घेतली तर ही कामं उरकतील का?

तुमची,
एक शिवणवेडी

उत्तर

ताई, नमस्कार.

आळशी बाई ठिगळं जोडत बसत नाही, ती दुकानातून ब्लँकेट आणते. तेव्हा तो प्रश्न इथेच मिटला.

आता तुमची तीन अर्धवट कामं जमिनीवर शेजारी शेजारी मांडा. तिन्ही अडलीत, पण तिन्हींची दुखणी निराळी आहेत. फ्रॉक अडला कारण मूल वाढलं. टेबलक्लॉथ अडला कारण तो भरायला घेणारी मुलगी आणि आजच्या तुम्ही यांच्यात पस्तीसेक वर्षं गेली, आवड बदलली, जेवणाचं टेबलही बदललं असेल. गोधडी मात्र झोळामुळे अडली, म्हणजे शिवणातल्या एका चुकीमुळे. पहिली दोन कामं आता संपवायची नाहीत. ती बंद करायची. जिवंत काम एकच आहे, आणि त्याला निर्धार वगैरे काही लागत नाही, दुरुस्ती लागते.

फ्रॉकचे बेतलेले भाग तसेच गोधडीच्या वरच्या थराला द्या. टेबलक्लॉथचा जेवढा कोपरा भरून झालाय तेवढा शिवणीचं माप सोडून कापा, मागे मांजरपाट (साधं कोरं सुती कापड) लावा आणि उशीचा अभ्रा करा.  अर्ध्या भरलेल्या टेबलक्लॉथला घरात कुणी विचारत नाही, भरलेल्या अभ्र्यावर मात्र लोक हात फिरवतात.

आता गोधडी. झोळ का आला ते मी बहुधा सांगू शकते. तुम्ही ती पलंगावर पसरली असणार. गादी दबते, कापड तिच्याबरोबर दबतं, आणि टाचताना सरळ दिसलेलं सगळं उचलल्यावर सैल पडतं. दुसरं कारण म्हणजे कडेकडून आत जात फेरे घालणं. आपल्याकडच्या जुन्या गोधड्या बहुतेक अशाच, काठापासून मध्याकडे चौकोनी फेऱ्यांनी भरलेल्या असतात, आणि सुंदर दिसतात. पण या पद्धतीत प्रत्येक फेरा थोडं थोडं कापड पुढे ढकलतो. ज्यांचा हात बसलेला असतो त्या बायका ते ढकललेलं कापड दर फेऱ्याला जिरवत जातात. ज्यांचा बसलेला नसतो त्यांचं सगळं जास्तीचं कापड मध्यावर येऊन गोळा होतं. तिसरं कारणही असू शकतं: एखादा तुकडा औरेब कापला गेला असेल, म्हणजे धाग्याला तिरका. असा तुकडा ओढला की लांबतो आणि शेजारच्या सरळ तुकड्यांना घेऊन वाकतो. प्रत्येक तुकडा दोन्ही हातांनी धरून कडेच्या दिशेने ताणून बघा, रबरासारखा लांबेल तो औरेब. तेवढाच तुकडा बदला.

तेव्हा तीन फेरे उसवा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि उसवताना दोरा ओढू नका, चार-पाच टाक्यांवर कापत जा. जुने आतले थर बाजूला काढा, कारण आता माप बदलायचंय. पहिलीतल्या मुलीला तीन बाय तीनची गोधडी पाय झाकायलासुद्धा पुरायची नाही.

इथे आईचं लुगडं येतं. तुम्ही तिन्हींबद्दल एकाच वाक्यात लिहिलंय, आणि घोळ तिथेच आहे. रेशमी लुगडं घडीवर विरलंय म्हणता. रेशमाचं असंच होतं: वर्षानुवर्षं एकाच रेषेवर घडी राहिली की तिथले धागे मोडतात, आणि एकदा मोडायला लागले की टाका धरत नाहीत, सुई घातली की भोकाचीच चीर होते. त्याला कात्री लावू नका. पदर आणि काठ शाबूत असतील तर मागे मऊ सुती कापड घालून तेवढेच जपता येतील. बाकीचं लुगडं घडी न घालता धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळी करून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, त्यात ओल अडकते. डांबराची गोळी ठेवायचीच तर कापडाला आणि जरीला टेकू देऊ नका. पत्र्याच्या ट्रंकेत तर अजिबात नको. डोंबिवलीचा एक पावसाळा आणि ट्रंकेच्या एका कोपऱ्यातला गंज, एवढं पुरतं. गंजाचा डाग रेशमावरून निघत नाही.

सुती इरकलींपैकी एक जशीच्या तशी ठेवा. नेसा हवं तर, नाहीतर नातीच्या एखाद्या स्नेहसंमेलनात कामाला येईल. दुसरी कापा. हात धजत नाही हे मला समजतं. पण आपल्याकडे बाळाचं पहिलं दुपटं आजीच्या जुन्या लुगड्याचं करत आलेत. नव्या कापडाला खळ असते, ते टोचतं. शेकडो धुण्यांतून गेलेलं सूत मऊ पडतं आणि तो मऊपणा विकत मिळत नाही. तुमच्या आईने स्वतःची जुनी लुगडी काय केली असतील असं वाटतं तुम्हाला? बोहारणीला दिली असतील किंवा कुणाच्या तरी वाकळीत घातली असतील.

हिशोब सांगते. नऊवारी साधारण आठ मीटर भरते, पन्हा, म्हणजे रुंदी, पंचेचाळीस इंचांच्या आसपास. दोन मीटरचे चार तुकडे करा. त्यातला एक काठांसकट ठेवा, तो गोधडीची पाठ. उरलेल्या तिघांचे काठ कापून काढा, ते आतले तीन थर. काठ गेल्यामुळे हे थर पाठीपेक्षा अरुंद होतात, आणि ते चांगलंच आहे, कारण कडा पातळ राहते आणि दुमडताना सुई अडत नाही. काढलेल्या काठांची जवळजवळ बारा मीटर पट्टी तुमच्या हातात येते. तुमचा तीन फुटी जोडलेला चौकोन मधोमध धरा, त्याच्या दोन्ही बाजूंना ही इरकली पट्टी लावा, उशाशी आणि पायाशी फ्रॉकचे भाग आणि ब्लाउजपिसांचे तुकडे जोडून पावणेदोन-पावणेदोन फूट वाढवा. सव्वासहा-साडेसहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद गोधडी होते. कॉलेजला जाईपर्यंत पुरेल.

एक पथ्य. कापड कापण्याआधी सगळं धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. जुनं लुगडं आता आटणार नाही, नवा ब्लाउजपीस मात्र पहिल्या धुण्यात आटतो, आणि गोधडी झाल्यावर आटला तर परत झोळ. इरकलीचा लाल आणि काही गडद ब्लाउजपीस रंग सोडतात. पांढरं ओलं फडकं वर ठेवून गरम इस्त्री दाबा, फडक्यावर डाग आला तर तो तुकडा वेगळा धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो ही समजूत आहे, मिठाने काही होत नाही. धुऊनही सोडत असेल तर त्याला गोधडीत घेऊ नका, कितीही सुंदर असो.

मग पाठ जमिनीवर उलटी पसरा. फरशी पुसलेली, खाली काही नाही. चारही कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, पुस्तकं, जे असेल ते ठेवा. कापड ताठ हवं, ताणलेलं नको. एकेक थर हाताने मध्यापासून बाहेर सारवल्यासारखा पसरत जा. मग पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घाला, मध्यापासून सुरू करून चारही कडांकडे, दर वितीवर एक ओळ, उभी आणि आडवी. यात एक आख्खी दुपार जाईल आणि कंबर भरून येईल. पण हे टाके नीट पडले तर पुढे धावदोरा कुठूनही सुरू करा, काठाकडून सुद्धा, झोळ येत नाही. ओळींमधलं अंतर दोन बोटांचं ठेवा. दोरा सुती आणि जाड, मेणावरून ओढून घेतलेला, म्हणजे गुंता होत नाही.

आणि हे एकटीने करू नका. गोधडी हे कधीच एकटीचं काम नव्हतं. दुपारी अंगणात ती पसरली की शेजारणी चार बाजूंनी बसायच्या, गप्पांत चार फेरे पडायचे, एकीचा टाका बारीक, दुसरीचा मोठा, ते तसंच दिसायचं. तुमच्या सोसायटीत दुपारी मोकळ्या असणाऱ्या दोघी तरी असतील. नसतील तर वरचा थर तुम्ही करा आणि भरायला बाहेर द्या. गावोगावी, शहरातसुद्धा, मजुरीवर गोधड्या भरून देणाऱ्या बायका आहेत. रंग जुळवणं आणि बेतणं तुम्हाला आवडतं हे पत्रावरून दिसतं, हजारो टाक्यांचा धावदोरा आवडत नसेल तर त्याचे पैसे देण्यात कमीपणा कसला? साडीला फॉल-पिको बाहेर करून घेताना वाटतो का?

ब्लाउजपिसांकडे वळते, कारण खरा ढीग तोच आहे. आधी एक गणित. साधा ऐंशी सेंटिमीटरचा ब्लाउजपीस, छत्तीस इंची पन्हा. त्यातून दहा इंची चौकोन नऊ निघतात. वर काढलेल्या मापाची गोधडी नुसत्या चौकोनांची करायची म्हटली तरी पाच आडवे आणि आठ उभे, म्हणजे चाळीस चौकोन लागतात. पाच ब्लाउजपिसांत काम झालं! तुमच्याकडे पन्नास आहेत. दहा गोधड्या तुम्ही करणार आहात का? मी करणार नाही. "कधीतरी गोधडीला उपयोगी पडेल" हे वाक्य आकडेमोड केली की टिकत नाही.

म्हणून चाळणी लावा. प्रत्येकाच्या कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळून पाहा, सिंकपाशी उभं राहून. कागद जळल्याचा वास आणि भुरभुरीत राख आली तर सूत (किंवा रेयॉन, तेही चालेल). वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. दोन्ही झालं तर मिश्र. सुती टू बाय टू, पॉपलीन, खादी बाजूला काढा आणि त्यातलेही रंगाने आवडणारे दहा-पंधराच ठेवा. खण असतील तर तेही ठेवा, मात्र त्यांचा पन्हा कमी असतो आणि कापल्यावर कडेचे धागे फार सुटतात. मागे फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, चिकटवून मगच कापा. पाकिटं, बटवे, तोरण याला खणासारखं कापड नाही.

पॉलिस्टरचे ब्लाउजपीस ही आपल्या समाजाची एक गंमतच आहे. त्याचा ब्लाउज आजवर कुणी शिवलेला नाही. ते एका हळदीकुंकवातून दुसऱ्या हळदीकुंकवात जातात, घड्यांचे वळ तेच, कोपऱ्याला जुन्या कुंकवाचा डाग. तुम्ही ही साखळी पुढे चालवू नका. त्याच्या पिशव्या शिवा. महाराष्ट्रात २०१८ला प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून भाजीवाला पिशवी देवो न देवो, घरातून नेलेली बरी. एका पिसात अस्तर लावलेली मध्यम पिशवी होते. अस्तर लावाच, नुसतं पॉलिस्टर ओझ्याने शिवणीवर फाटतं. संक्रांतीला वाण म्हणून पिशव्याच लुटा. पायपुसणी मात्र करू नका, त्यात पाणी शोषलं जात नाही, नुसतं पसरतं.

उरलेलं चांगलं सुती कापड शिवण शिकणाऱ्या मुलींना द्या. आयटीआयमध्ये शिवणाचा कोर्स असतो, खासगी शिवणक्लास गल्लोगल्ली असतात, आणि सगळीकडे मुली सरावाला वर्तमानपत्र कापत बसलेल्या असतात कारण कापड महाग पडतं. तुमच्यासारख्या बाईंनी पंधरा पीस नेऊन दिले तर क्लासच्या बाई चहा पाजतील. अंगात घालता येतील असे कपडे आणि ड्रेस मटेरियल 'गूंज'सारख्या संस्था घेतात. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली सुरू केलेली ही संस्था जुन्या कापडाची नुसती वाटणी करत नाही, सुती कापडापासून सॅनिटरी पॅडही बनवते. देताना धुऊन, घडी घालून द्या. फाटकं, डाग पडलेलं देणं म्हणजे दान नव्हे, आपला कचरा दुसऱ्याच्या दारात लोटणं.

ड्रेस मटेरियलबद्दल थोडक्यात: या आठवड्यात शिंप्याकडे जाईल ते तुमचं, उरेल ते दुसऱ्याचं. सोफ्याचं कापड सोफ्याला पुरतंय का ते आज टेपने मोजा. सेलमधल्या कापडाला बहुतेक वेळा एक गादी कमी पडते. पडत असेल तर खुर्च्यांच्या उशा करा आणि सोफा विसरा.

हिंदमाताला जाणं मी बंद करायला सांगणार नाही, कारण तुम्ही ऐकणार नाही. जाताना पर्समध्ये चालू कामाच्या कापडाचा तुकडा न्या आणि त्याला जुळणारं काही हवं असेल तेवढंच घ्या. दोरा, अस्तर, मांजरपाट याला माफी. बाकी नवं कापड घरात यायच्या आधी तीन गोष्टी घराबाहेर गेलेल्या हव्यात. ते चार मीटर कॉटन परवाच्या धुण्यात टाका. धुतलेलं कापड शिवायला घेतलं जातं, दुकानाच्या घडीतलं कापड ट्रंकेतच राहतं. आणि कोऱ्या कापडाच्या खळीवर कसर पोसते, हे वेगळंच.

सुनेचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. तिने तुमचं शिवण बंद करायला सांगितलं नाही, भिंतीची तीन फूट जागा मागितली, तीही स्वतःच्या मुलीसाठी. तिला सांगा, ट्रंक दिवाळीच्या आत हलेल, पण कपाटातला एक कप्पा माझा. एक, दोन नव्हे. एका कप्प्यात मावेल तेवढंच तुमचं कापड. चालू गोधडी मात्र कप्प्यात नको, खुर्चीच्या पाठीवर टाकलेली असू दे, डोळ्यांसमोर. ट्रंकेत गेलेलं काम परत बाहेर यायला सात वर्षं लागतात हे तुम्ही पाहिलंच आहे. उशाशी कुठला तुकडा जोडायचा हे नातीला विचारा. ती गुलाबी मागेल. गुलाबी द्या. आणि सुनेला पिशव्या शिवून देऊ नका, तिने मागेपर्यंत.

राहिली मशीन. नवी घेऊ नका. हलक्या मोटारीच्या मशीनला लुगड्याचे पाच थर जड जातात, तुमची बिडाची पायमशीन ते सहज ओढेल. पट्टा सैल झाला असेल तर कापून परत जोडून घ्या, मशीनच्या पायाखालच्या दात्यांमधली सगळी लव आणि धागे ब्रशने काढा, भोकाभोकांत मशीनचं तेल घाला आणि रद्दी कापडावर तेल दिसेनासं होईपर्यंत चालवा. सुई बदला. साध्या सुतीला १४ नंबर, थरांना १६. टाका लांब ठेवा. आणि रिळांचा डबा तपासा: दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्यायचा, कटकन तुटला तर तो कुजलाय. लग्नाआधीची रिळं त्यात असणारच. टाकवत नाही म्हणता ना, टाकायला सुरुवात त्या रिळांपासून करा.